निजून घेतलेलं माप

“आये, पाळण्यातल्या लेकराला एवढी दांडगी वाकळ कशाला गं?”

मायाक्कानं विचारून टाकलं एकदाचं. वर्गातल्या सिद्धम्मानं आणि बजानं पैजच लावली होती ना! शाळेतून येताना दोघींनी अंगणात पसरलेली वाकळ पाहिली आणि तोंडावर पाटी धरून फिदीफिदी हसल्या. “लेकरू हत्तीचं हाय व्हय गं? विचार की आईला! साहेब तपासणीला आला तर लई चुरूचुरू बोलतीस.”

तिच्या आईची, तानाबाईची, सुई थांबली नाही.

थोरली लेक म्हाळसा मंद्रूपला सासरी बाळंतपणात गेली, लेकरू तिथंच मागं ठेवून, त्याला दोन महिने होत आले होते. तिची लुगडी तिच्या नवऱ्यानं, कल्लप्पादाजींनी, गाठोडं बांधून पाठवली, तेव्हापासून तानाबाई त्यांचे तुकडे जोडत होती. आत मायाक्काच्या बापानं, बिरप्पानं, गिरणीतून आणलेल्या चिंध्यांचा थर, वर म्हाळसाची लुगडी. अक्काच्या लेकरासाठीच असणार, असं मायाक्का धरून चालली होती. येताजाता ती हिरव्या तुकड्यावर गाल टेकायची. चुलीच्या धुराचा आणि शिकेकाईचा वास अजून गेला नव्हता.

“नीज जरा हितं,” तानाबाई म्हणाली. “माप बघू दे.”

वाकळीचं माप त्यांच्यात असंच घेत. माणूस निजवायचं, डोक्याशी वीतभर सोडायचं, पायाशी वीतभर. मायाक्का हसतच आडवी झाली. सातवीच्या फायनलच्या परीक्षेला बाईंनी वर्गातून तिला एकटीलाच निवडलं होतं, आज हसू काही केल्या आवरत नव्हतं. आईनं टाचेखाली वीत धरली. मग तिच्या खांद्यापासून बाजूला हात पसरला आणि आणखी एका माणसाची जागा मोजली.

मायाक्काचं हसू विरलं. ती उठून तिथंच वाकळीवर बसली.

“आये, ही माझी हाय?”

तानाबाईनं मान खाली घालून काठाचे टाके घालायला घेतले. उंबऱ्यावर बसलेल्या बिरप्पानं तंबाखू मळता मळता बाहेर बघत म्हटलं,

“कल्लप्पा वाईट गडी न्हाय. तुला चौदा सरली, आता शारदा कायदाबी आडवा येत न्हाय. लेकरू शेळीच्या दुधावर हाय पोरी. उद्या परकी बाई आली तर त्याला कोण बघंल? मावशीला माया असती.”

“आबा, दाजी हायती ते माझे!”

“घर तर अक्काचंच हाय की गं,” तानाबाई म्हणाली. ‘अक्काचंच’ म्हणताना तिचा आवाज पार खाली गेला, आणि सुई मात्र भराभर पुढं पळाली.

मायाक्का ताडकन उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली. परकर ओढला जात होता. तिनं पाहिलं, तर आईनं परकराचा घोळ वाकळीलाच शिवून टाकला होता. चांगले वीतभर टाके, सगळे वाकडेतिकडे. अख्ख्या गल्लीच्या वाकळी शिवणाऱ्या तानाबाईचे टाके!

“अगं बया,” तानाबाई पुटपुटली. “दिसलंच न्हाय बघ मला.” ती दोऱ्याचं टोक चाचपायला लागली. ते काही तिच्या हाती येईना.

हिसका दिला असता तर सुटलंही असतं. पण खाली अक्काचं हिरवं लुगडं होतं. मायाक्कानं आईच्या हातातली सुई घेतली आणि टोकानं एकेक टाका उसवत बसली. शेजारी नागव्वाच्या मागाची खटखट तेवढी ऐकू येत होती. शेवटचा टाका सुटल्यावर तिनं परकर झटकला, सुई आईच्या पदराला टोचून ठेवली आणि उभी राहिली.

“आबा, उद्या मंद्रूपला जा आन् लेकराला घेऊन या. मी फायनलला बसत न्हाय, शाळेतनं नाव काढते. त्याला हितंच वाढवीन मी, ह्या घरात.” ती बाईंपुढं धडा म्हणताना बोलायची तशी मोठ्यानं म्हणाली, “आन् दाजींना सांगा, मी त्याची मावशी हाय. मावशीच ऱ्हाणार.”