नदी ओलांडून आलेली

वारा पडला तो ऐन मधल्या धारेत. शीड वाळत घातलेल्या झब्ब्यासारखं लोंबायला लागलं आणि दहिबाने वळून काठाकडे पाहिलं.

"भावजी, होडी मागे चाललीय."

"चालणारच. नाईल वाहते उत्तरेला, लेकीचं गाव दक्षिणेला, पलीकडच्या काठावर. वारा नसला की ती माझ्या बापाचंही ऐकत नाही." सुकाणूला पाय लावून बसलेला शाझली तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. अर्धी हयात त्याने अस्वानच्या घाटावर, याच शिडाच्या फलुक्यात काढलेली. "दम धरा वहिनी. दुपारी उठेल वारा."

दुपारी म्हणे. इथे दहिबाचा जीव टांगणीला लागलेला. पहाटे निरोप आला होता, लेकीला, नबराला, कळा सुरू झाल्यात. मोटारबोटी सगळ्या टुरिस्टांनी धरलेल्या, म्हणून ही शिडाची होडी. बाळाच्या आधी आपण घरात शिरलो तर काही भीती नाही. बाळ आधी आलं, तर नाईल ओलांडून आलेल्या माणसाने चाळीस दिवस बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही. ओलांडलेली नदी पाठोपाठ आत शिरते आणि दूध आटवते. शहरातली माणसं हसतात याला. हसू देत. मागच्या खेपेला दहिबा उशिरा पोचली आणि मायेपोटी तशीच आत घुसली. आठवड्याच्या आत नबराचं दूध गेलं, डब्याचं दूध पोराला सोसलं नाही, आणि पोर गेलं. विहीणबाई फिक्रिया तेव्हा एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर दहिबाला झोप तरी लागली असती.

टुरिस्टांनी भरलेली एक मोटारबोट शेजारून गेली. दहिबा उभी राहून ओढणी हलवत ओरडली. बोटीतल्या बायांनी हसून हात हलवले आणि तिचे फोटो काढले.

"घ्या," शाझली म्हणाला, "आता परदेशात कुणाच्या तरी भिंतीवर लागणार तुम्ही."

"तुमच्या जिभेला काही हाड?"

तिने बोचकं सोडलं. आत बाळंतिणीसाठी मेथ्या, काकवी आणि खजूर होते. मूठभर खजूर तिने पाण्यात सोडले. नदीच्या तळाशी जे राहतात त्यांचा तो वाटा. पुटपुटत ती खजूर बुडेपर्यंत पाहत राहिली. शाझलीने ते पाहिलं आणि थट्टा आवरती घेतली.

"वल्हं द्या इकडे," ती म्हणाली.

"झेपायचं नाही वहिनी, जड आहे."

"नातवंडाहून जड नाही."

धार टाळत, पश्चिमेचा काठ धरून दोघं वल्हवू लागले. तळहात सोलले, खांदे भरून आले. प्रत्येक वळणाला वाटे, आता गाव दिसेल, आणि दिसे ती वाळूच. मग अचानक पाठीवर गार झुळूक आली, शीड फुगलं, होडी सरसर कापत निघाली. निळ्या भिंतींचं गाव समोर आलं. दहिबा हसली. तेवढ्यात काठावरून बायकांचा आवाज उठला, जिभा हलवून काढलेला तो आनंदाचा लांबलचक आवाज.

बाळ आलं होतं.

दहिबा मट्‌कन खाली बसली. होडी काठाला लागली तरी उठेना. "मुलगी!" म्हणत धावत आलेल्या फिक्रियाला तिने बोचकं दिलं. "मुलगी झाली? बरं झालं. हे आत द्या. मी चाळीस दिवसांनी येईन." तिने तोंड फिरवलं.

फिक्रिया बोचकं घेऊन वर गेली. बऱ्याच वेळाने पावलं वाजली. फिक्रियाच्या खांद्यावर भार टाकून नबरा येत होती, छातीशी गुंडाळलेलं बाळ.

"अगं वेडे, आत जा. माझ्याजवळ येऊ नकोस."

"तू आत यायची नाहीस ना? मग मी बाहेर आले." नबराला धाप लागली होती. "काका, पलीकडच्या काठाला टेकवा आम्हाला. मी नदी ओलांडली, हिने ओलांडली, मग कुणाची नदी कुणाच्या मागे लागणार?"

"हे मला मागच्या वेळीच सुचायला हवं होतं, विहीणबाई," फिक्रिया म्हणाली आणि सुनेला धरून होडीत चढली.

दहिबा पार टोकाला जाऊन पाठ करून बसली. बाळ रडलं, तरी तिने वळून पाहिलं नाही. शाझलीने होडी मधल्या धारेत घातली.

होडीचं नाक पलीकडच्या वाळूत रुतलं. मग दहिबाने वळून सोललेले हात पुढे केले.