आकाशातली बुजगावणी

मी एक जुना घुमट आहे. देवळाचा नव्हे आणि मशिदीचाही नव्हे. चार इंजिनांच्या एका अवजड बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीच्या टोकाला मला बसवले होते. माझ्या पोटात एक माणूस मावत असे. त्याच्या पुढ्यात चार मशिनगन असत आणि त्याचे तोंड कायम मागे असे. त्यामुळे मित्रांनो, विमान कुठे चालले आहे हे मला कधी दिसले नाही. आपण कुठून आलो आणि मागे काय राहिले, एवढेच मी पाहिले.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे दुसऱ्या महायुद्धापूर्वी मुलांच्या तीनचाकी सायकली बनत. माझी काच खरी काच नव्हती. ते गरम करून वाकवलेले पारदर्शक प्लास्टिक होते, पण सगळे त्याला काचच म्हणत. इंजिनाच्या जोराने नळ्यांतून तेल येई आणि त्या दाबावर मी डावीउजवीकडे वळे. तपासणी करणाऱ्या बाईंनी मला दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "लोण्यासारखा फिरतोय." मित्रांनो, माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक. नंतर फारशी कौतुके वाट्याला आली नाहीत.

इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या सपाट मुलखात, बीटाच्या शेतांमध्ये आमचा विमानतळ होता. माझ्यात बसणाऱ्या माणसाचे नाव सिरिल थ्रॉसल. लढाईपूर्वी तो लीड्समध्ये ट्रामचा कंडक्टर होता. वय तेहतीस. विमानातले बाकीचे सहाजण विशीतले, म्हणून ते त्याला आजोबा म्हणत.

"आजोबा, एक तिकीट बर्लिन. परतीचं पण द्या."

"परतीचं संपलं. चालत या."

"जन्मभर लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत आलात, आणि शेवटी तुम्हालाच मागे बसवलं."

"मागे हवा चांगली लागते," सिरिल म्हणे आणि माझ्यात शिरून पाठीमागची दारे ओढून घेई.

हवा खरोखरच लागे. वीस हजार फुटांवर थंडी इतकी असे की त्याच्या श्वासातली वाफ मुखवट्याच्या कडेला गोठून तिचे खडे होत. त्याच्या कपड्यांत विजेच्या तारा शिवलेल्या होत्या. त्या चालल्या तर अंगाला चटके बसत आणि बंद पडल्या तर बोटे बधिर होत. सहाजण पुढे, एकमेकांच्या जवळ. सिरिल मात्र विमानाच्या लांबीएवढा दूर, एकटा. कानातल्या फोनवरून येणारे आवाज, एवढीच त्याची सोबत.

अंधारात पाहण्याची एक रीत असते. एखादी अंधूक वस्तू थेट पाहिली तर ती नाहीशी होते. नजर जराशी बाजूला ठेवली तर ती पुन्हा उमटते, कारण डोळ्याच्या कडेच्या पेशींना मंद प्रकाश जास्त कळतो. सिरिल ही रीत चांगली शिकला होता. माझ्या काचेवर धुळीचा कण राहिला तरी तो शत्रूच्या विमानासारखा वाटे, म्हणून रोज दुपारी हिल्डा ब्यूइक नावाची मुलगी मऊ फडक्याने मला पुसायला येई. ती बंदुका आणि काचा सांभाळणाऱ्या तुकडीत होती. गोल गोल न घासता ती एकाच दिशेने पुसे, म्हणजे ओरखडे पडले तरी ते एकमेकांना छेदत नाहीत. तिचा धाकटा भाऊ आयव्हर आमच्याच तळावरच्या दुसऱ्या विमानात होता. त्या विमानाच्या नाकावर पांढरी किटली रंगवलेली होती.

आता मला बुजगावण्यांबद्दल सांगितले पाहिजे.

मित्रांनो, रात्री शेकडो विमाने एकाच वाटेने, दिवे मालवून जात. मधूनच आकाशात एक प्रचंड भडका उडे. पांढरा, मग नारिंगी, कधी त्यात लाल-हिरव्या ठिणग्या. आमच्या माणसांना सांगितलेले होते की शत्रू एक खास गोळा उडवतो. तो फुटला की विमान फुटल्यासारखे दिसते, पण ते खोटे असते. वैमानिकांनी घाबरावे, एवढ्यासाठीच तो बनवलेला असतो. शेतातल्या पाखरांसाठी उभे करतात तसे हे आकाशातले बुजगावणे. सगळ्यांनी यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवणे सोयीचे होते. भडका दिसला की सिरिल फोनवर म्हणे, "बुजगावणं, डावीकडे, लांब." पुढून कप्तान पेनहेलचा शांत आवाज येई, "ठीक आहे, आजोबा." पेनहेल एकवीस वर्षांचा होता. कोणी एखादे विमान पडताना पाहिले, तर नकाशावाला त्याची वेळ आणि जागा टिपून ठेवी. बुजगावण्याची नोंद होत नसे.

पण बाकीच्यांना भडका फक्त क्षणभर दिसे. विमान पुढे जाई आणि भडका मागे पडे. तो शेवटपर्यंत पाहायला माझ्याशिवाय आणि सिरिलशिवाय कोणी नव्हते. एका जागी फुटलेल्या गोळ्याचे तुकडे चहूकडे सारखे उडायला हवेत. हे तुकडे तसे उडत नसत. फुटल्यावरही ते आमच्या मागोमाग, आमच्याच दिशेने सरकत, लांबट कमानीत खाली जात. आमच्याच वेगाने प्रवास करणाऱ्या वस्तूचेच तुकडे असे पडतात. त्यांतले चार सर्वांत तेजस्वी असत आणि सर्वांत वेळ जळत. आमच्या विमानाला इंजिने चारच होती.

सिरिलला हे कधी कळले ते त्याने कोणाला सांगितले नाही. मला मात्र कळले, कारण एका रात्रीपासून "बुजगावणं" म्हणण्याआधी तो थोडा थांबू लागला. पुढच्या सहाजणांना अजून बऱ्याच फेऱ्या करायच्या होत्या. भडक्यांना घाबरायचे नाही, एवढाच त्यांचा आधार होता. तो काढून घेणे त्याला जमले नाही.

मग ती रात्र आली. आम्ही बॉम्ब टाकून वळलो होतो. मागे ते शहर जळत होते. मित्रांनो, हेही सांगून ठेवले पाहिजे की जळणारी शहरे सर्वांत जास्त वेळ मीच पाहिली आहेत. तिथेही माणसे होती आणि त्यांना समोरच्या आगीला बुजगावणे म्हणायची सोयही कोणी ठेवली नव्हती. त्या उजेडात मागून येणाऱ्या एका विमानावर जमिनीवरच्या दिव्याचा झोत पडला. ते इतके जवळ होते की नाकावरची पांढरी किटली स्वच्छ दिसली. झोत सरकला आणि त्याच जागी भडका उडाला.

सिरिलचा श्वास फोनवर ऐकू येत होता.

"आजोबा, काय होतं ते?" पेनहेलने विचारले.

"बुजगावणं," सिरिल म्हणाला. "मागे. जवळ."

"ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी हिल्डा काच पुसायला आली. आयव्हरच्या विमानाला 'बेपत्ता' म्हटले होते. बेपत्ता म्हणजे काहीही असू शकते. हवाई छत्रीने उतरलेला कैदी असू शकतो, कुठल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात लपलेला असू शकतो.

"तुमच्या मागेच होते ते," ती म्हणाली. "सिरिल, तुम्हाला काही दिसलं?"

"एक बुजगावणं दिसलं. बाकी काही नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुसत राहिली.

काही आठवडे गेले. हिल्डा हल नावाच्या शहरात आईला भेटून आली. तिच्या चेहऱ्यावर झोप नव्हती.

"आईला रेशनवर आठवड्याला एक अंडं मिळतं," ती सिरिलला म्हणाली. "ते ती खात नाही. आयव्हर येईल म्हणून ठेवते. मग ते नासतं, मग पुढचं ठेवते. खोलीत विस्तव करत नाही, कोळसा त्याच्यासाठी राखून ठेवते. खोकून खोकून अर्धी झालीये. मी म्हटलं, आई, खा गं. तर म्हणते, तो नाही असं कोणी सांगितलंय का? काय सांगू मी तिला?"

सिरिल माझ्या कडेला टेकून उभा होता. बराच वेळ त्याने हातमोजा काढला, घातला, काढला.

"तिला सांग, खा म्हणावं," तो म्हणाला. "मी किटली पाहिली, हिल्डा. आणि मग तिथे काही राहिलं नाही. छत्री नाही, काही नाही. बुजगावणी नसतातच. ती सगळी आपलीच विमानं असतात. तुकडे सरळ खाली पडत नाहीत, आपल्या मागोमाग येतात, आणि त्यांत चार मोठे असतात, चार इंजिनं."

हिल्डाने फडके घडी करून खिशात घातले आणि ती निघून गेली. संध्याकाळी परत आली ती तडक सिरिलपाशी.

"मी तुमच्या कप्तानाला विचारलं. ते म्हणाले, आजोबांनी स्वतः बुजगावणं म्हणून सांगितलं. सगळ्यांनी ऐकलंय. उतरल्यावर अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हाही तुम्ही तेच म्हणालात."

"म्हणालो."

"मग आता का बदलता? तुमचं डोकं ठिकाणावर नाही असं ते म्हणतात. थकलाय, म्हणतात. थकला असाल तर झोपा. माझ्या आईच्या जिवाशी खेळू नका."

सिरिलपाशी पुरावा नव्हता. त्याचाच शब्द त्याच्या विरुद्ध उभा होता.

त्यानंतरच्या फेरीत भडका उडाला तेव्हा तो थांबला नाही. "विमान," तो म्हणाला. "आपलं. डावीकडे, मागे. वेळ टिपून घ्या."

मग पेनहेल म्हणाला, "बुजगावणं असेल, आजोबा."

"बुजगावणं नाही. सातजण होते त्यात. छत्री एकही नाही. आता दुसरं. तेही आपलंच. टिपून घ्या."

"आजोबा, बास. सगळे ऐकताहेत."

"ऐकू देत."

नकाशावाल्याची पेन्सिल चालली की नाही, मला माहीत नाही. थोड्या वेळाने एका गोळ्याच्या तुकड्याने माझी तेलाची नळी फाडली आणि मी वळेनासा झालो. येताना सिरिलने मला हातांनी फिरवले आणि समुद्र ओलांडेपर्यंत तो सगळे सांगत राहिला.

सकाळी पेनहेलने वरिष्ठांना कळवले. त्याला वाईट वाटत होते, असे यंत्रशाळेतली माणसे बोलत होती. पण सहाजणांना घेऊन उडायचे तर मागच्या माणसाच्या नजरेवर भरवसा हवा, असे तो म्हणाला. सिरिलला धैर्य नसलेला ठरवले. त्याच्या बाहीवरच्या सार्जंटच्या पट्ट्या उसवून काढल्या आणि कोणाशी बोलू न देता त्याला तळावरून हलवले. तो पुढे कुठे गेला हे मला कधीच कळले नाही. तो भित्रा होता की नाही, हे मला कोणी विचारले नाही. त्याच्या पाठीला टेकून मी कित्येक रात्री काढल्या होत्या.

मला विमानापासून सोडवून यंत्रशाळेत एका लाकडी घोडीवर ठेवले. नळीची वाट पाहत मी तिथे पडून होतो. पेनहेल आणि त्याची माणसे दुसऱ्या विमानातून, मागच्या बंदुकांवर नवा गनर घेऊन गेली. ती परत आली नाहीत.

त्या सकाळी हिल्डा मला पुसत होती. मी कुठे उडणार नव्हतो, तरी ती आली होती. तिसऱ्याच एका विमानाचा गनर, मॅकरे नावाचा लाल केसांचा स्कॉटिश माणूस, आपल्या बंदुका घ्यायला आला आणि चहाचा पेला घेऊन माझ्याजवळ टेकला.

"काल सोपं गेलं," तो म्हणाला. "विमान पडताना एकही पाहिलं नाही. फक्त एक बुजगावणं, पण काय जवळ होतं. पेनहेलचं विमान आमच्या मागेच असणार. त्यालाही दिसलं असेल. तो आला का?"

हिल्डाचा हात माझ्या काचेवर थांबला.

"नाही आला," ती म्हणाली. "ते तुकडे सरळ खाली पडले का?"

"अं? नाही. आमच्या मागेच येत होते जरा वेळ. गंमत म्हणजे, चार मोठे होते." बोलता बोलता तो थांबला. पेला त्याच्या ओठांपाशीच राहिला. त्याने हिल्डाकडे पाहिले. "का? का विचारतेस?"

बाहेर गाड्यांवरून बॉम्ब नेत होते. मॅकरेच्या विमानावर चढवायचे होते ते. त्याला आज पुन्हा जायचे होते.

हिल्डाने फडके उलटून घेतले. भाऊ गेल्याचे तिला आता ठाऊक झाले होते.

"काही नाही," ती म्हणाली. "बुजगावणंच असेल."

मॅकरेने चहा संपवला आणि तो गेला.

मित्रांनो, पुढे सांगण्यासारखे थोडे आहे. मी पुन्हा उडालो नाही. लढाई संपल्यावर एका शेतकऱ्याने मला नेले आणि माझ्याखाली टोमॅटोची रोपे वाढवली. आता मी एका संग्रहालयात आहे. माझी काच पिवळी पडली आहे. माझ्या चार बंदुकांची माहिती एका पाटीवर लिहिलेली आहे. तुमच्यासारखी मुले येतात, माझ्यात बसतात, काल्पनिक विमाने पाडतात आणि खाली उतरतात.

तुम्ही मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. मी धातू आहे, हळूहळू गंजेन. पण तुमच्यातला कोणी शेवटच्या बाकावर बसत असेल, मागे वळून पाहत असेल, आणि सगळ्यांनी ठरवलेल्यापेक्षा वेगळे काही दिसल्याचे सांगू लागला, तर एवढे करा. त्याला लगेच गप्प करू नका. त्याने पाहिलेले टिपून घ्या. आमच्या तळावर हे कोणी केले नाही. तुम्ही कराल, असे मला फारसे वाटत नाही. तरीही सांगून ठेवतो.