राजाचा चेहरा आणि कडेची चांदणी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर लोक खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसले होते. मंचावर एक पसरट भांडं, त्यात दुधाळ पाणी, आणि भांड्यामागे बाबा. पहिल्या रांगेतली नाणेवाली त्याला मनातल्या मनात झिलईबाबा म्हणत होती. जुनी नाणी घेणं-विकणं हा तिचा धंदा, त्यामुळे झिलई देऊन टाकाऊ माल गळ्यात मारणारे तिने चिक्कार पाहिले होते.

बाबाची रीत अशी. रोग्याला तो एक जुनं नाणं द्यायचा, इतकं झिजलेलं की त्यावरचा राजा म्हणजे नुसता फुगवटा. रोग्याने ते मुठीत धरून तीन आठवडे जप करायचा. मग बाबा नाणं पाण्यात बुडवणार, आणि राजा नाकडोळ्यांसकट परत आला की रोग गेला. उरलेल्या औषधाची बाटली त्याने शेजारच्या बादलीत आपटून फोडायची.

आज पाळी होती नाणेवालीच्या थोरल्या बहिणीची.

ताई लहानपणापासून इन्सुलिनवर जगलेली. बाबाच्या सांगण्यावरून तिने डोस निम्मा केला होता आणि आजपासून तोही बंद होणार होता. ओठ सुकले होते, कपडे अंगावर लोंबत होते, पाण्याची बाटली हातातून सुटत नव्हती. बाबा म्हणाला, विष बाहेर पडतंय. भावोजींनीही मान डोलावली. काल नाणेवालीने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी रडूनही पाहिलं.

"तुला तुझ्या नाण्यांपलीकडे काही दिसतं का गं?" ताई एवढंच म्हणाली आणि आपलं नाणं कौतुकाने दाखवत, त्याच्या कडेशी नख फिरवत बसली.

आता तीच ताई मंचावर उभी होती, एका मुठीत नाणं आणि दुसऱ्या मुठीत औषधाची बाटली.

"शरीर म्हणजे काय? नाणं. रोग म्हणजे काय? झीज," बाबाची टकळी सुरू झाली. "विश्वाच्या टाकसाळीत कंपनं असतात, मंडळी. डॉक्टरांच्या यंत्रात ती सापडत नाहीत, कारण ती फार सूक्ष्म आहेत." एवढी सूक्ष्म की नेमकी बाबालाच सापडली होती.

त्याने नाणं घेतलं, दोन्ही हात पाण्यात घातले, डोळे मिटून पुटपुटला. हात वर आले तेव्हा तळव्यावर राजा लख्ख दिसत होता, कुरळे केस, पापण्या, सगळं. पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदके देऊ लागलं.

इथवर थांबला असता तर निभावलं असतं. पण टाळ्या ऐकून बाबाला चेव आला.

"या ताईंची बहीण नाण्यांची जाणकार आहे म्हणे. माझ्यावर विश्वास नाही तिचा. या बाई, तुम्हीच पारखा."

नाणेवाली वर गेली. विकत घेण्याआधी धरते तसं तिने नाणं दोन बोटांत कडेने धरलं, दिव्याखाली तिरकं केलं, भिंग लावलं. पुढची बाजू, मागची बाजू, मग कड.

"नकली आहे?" बाबाने गोडीत विचारलं.

"नाही. अस्सल आहे."

"आणि स्थिती?"

"उत्तम. गाल आणि कानावरचे केस सगळ्यात उंच, म्हणून आधी तेच झिजतात. इथे ते अगदी ताजे आहेत. मूळची चकाकीही शाबूत आहे. मी लगेच विकत घेईन."

सभागृह दणाणलं. ताईने बाटली बादलीवर उचलली.

"म्हणूनच हे तुझं नाणं नाही, ताई."

ताईचा हात तसाच राहिला.

"नाणं झिजतं म्हणजे त्यातली चांदी जाते. ती पाण्यातून परत येत नाही. हे नाणं कुणाच्या खिशात गेलेलंच नाही."

"माझ्या शक्तीने झीज भरून आली," बाबा म्हणाला.

"बरं, आली. मग होतं ते तर जाणार नाही ना?" तिने नाणं ताईच्या तळव्यावर ठेवलं. "जप करताना नख कुठे फिरवायचीस तू?"

"चांदणीवर," ताई हळूच म्हणाली. "वर्षाच्या खाली, कडेजवळ."

"ती टाकसाळीची खूण. कडेच्या आडोशाला होती, म्हणून चेहरा गेला तरी ती टिकली. आता शोध."

ताईचं नख कडेवरून फिरलं, पुन्हा फिरलं.

"नाहीये गं," ती म्हणाली.

त्या वर्षी त्याच राजाची नाणी दोन टाकसाळींत पाडली गेली होती. एकीने चांदणी ठोकली, दुसरीने नाही. बाबाने जोडी जुळवताना राजा पाहिला, वर्ष पाहिलं आणि चांदणी विसरला.

ताईने बाटली पर्समध्ये टाकली आणि बाह्या न सारताच हात पाण्यात घातले. बाबा तिच्या अंगावर धावला, तेव्हा भावोजींनी खालून मंचावर उडी मारून त्याचं मनगट पकडलं. भांड्याच्या तळाशी रबराचा एक कप्पा होता. त्यातून ताईचं झिजलेलं नाणं निघालं, चांदणीसकट, आणि पुढच्या रोग्यांसाठी तयार ठेवलेले आणखी काही चकचकीत राजे.

"पण माझा खोकला कमी झालाय," एक आजोबा म्हणाले.

"झाला असेल, आजोबा. बरेच खोकले आपोआप जातात. जो जात नाही त्याला डॉक्टर लागतो." मग नाणेवाली सगळ्यांकडे वळली. "नाणं घेताना मी विकणाऱ्याचं बोलणं ऐकत नाही, तो दाखवत नाही ती बाजू बघते. तुम्हीही बघा. पाणी दुधाळ का, हे एकानेही विचारलं नाही. जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हातात आपला जीव देऊ नका."

ताईला तडक दवाखान्यात न्यायचं होतं. भावोजी तिला धरून दाराकडे चालले. दाराशी एक बाई लहान मुलीला घेऊन उभी होती. मुलीची मूठ घट्ट आवळलेली.

"हिचं औषध बंद केलंत?" ताईने विचारलं.

बाईने होकारार्थी मान हलवली.

"माझंही केलं होतं. बघा माझ्याकडे."

बाईने पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खाली बसली आणि लेकीची बोटं एकेक करून उघडू लागली.