खालीलचं झालं वरील

आमच्या आरोग्य खात्याच्या ऑफिसात मी शिपाई. शिक्षण चौथी, तेही मास्तरांनी पुढे ढकललं म्हणून. कुठे रोग निघाला, कुठलं खाणं खराब निघालं, की मॅडम पत्रक काढणार आणि मी ते दवाखान्या-दवाखान्यात जाऊन डॉक्टरच्या हातात देणार. फोनवरही पाठवतात, पण त्यांच्या फोनात रोज इतका पाचोळा पडतो की कामाचं पान सापडत नाही.

त्या दिवशीचं पत्रक तान्ह्या बाळांच्या दूध पावडरीचं होतं. एका लॉटच्या डब्यांत जंतू सापडले होते. मॅडम मीटिंगला निघाल्या होत्या, जाताजाता म्हणाल्या, "मामा, आज टंगळमंगळ नको. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, डब्याचं दूध, आणि पीत नाही, मलूल पडलंय, एवढं दिसलं की ताप असो नसो, थेट मोठ्या हॉस्पिटलात. जरा मोठी झालेली बाळं तग धरतात, कोवळी नाही धरत."

चौदा दवाखाने होते. तेरा उरकले. चौदाव्यात डॉक्टरीणबाई पेशंट तपासत होत्या, म्हणून बाकावर बसून पत्रक वाचायला घेतलं. शिकलेली माणसं ओळ गिळतात, मला ती चावावी लागते. बोट ठेवून वाचत गेलो. 'दोन महिन्यांवरील बाळ.' बोट मागे घेतलं, परत वाचलं. वरील.

मॅडम तर म्हणाल्या होत्या, दोन महिन्यांच्या आतलं. ऑफिसात फोन लावला, तो टाचणीने उचलला. टाचणी म्हणजे आमचा कारकून. कागद दिसला की टोचल्याशिवाय राहत नाही.

"अरे, इथे महिन्यांवरील लिहिलंय."

"मामा, लॉट नंबरचा तक्ता मॅडमनी खाली टाकला होता, मी वर घेतला. शोभून दिसतो. मग 'खालील तक्ता' कसं चालेल? जिथे जिथे खालील होतं तिथे एका दमात वरील करून टाकलं. एक बटण दाबायचं."

"आणि महिन्यांखालील?"

तिकडे बटणं खडखडली. मग बारीक आवाज आला, "ते पण झालं वाटतं."

"वाटतं काय, झालंय."

"शुद्धिपत्रक काढतो. पण मॅडमची सही लागेल, आणि त्यांचा फोन बंद आहे."

"तू सही शोध. मी पेन शोधतो."

डॉक्टरीणबाईंना सांगून त्यांचा कागद दुरुस्त केला. सही झालेल्या सरकारी कागदावर शिपायाने पेन चालवायचं म्हणजे नोकरीवर गदा. पण कुठल्या तरी घरात एखादं पोर झोपल्यासारखं पडलं असेल, हे डोक्यातून जाईना. तेरा जणांना फोन लावले, तिघांनी उचलले. उरले दहा. गाडीला किक मारली तर ती बया नेमकी त्याच दिवशी रुसली. ढकलत उतारावर नेली, तेव्हा कुठे खोकली.

पहिले दोन दवाखाने झाले. तिसरे आमचे घाई डॉक्टर. पेशंट बसायच्या आत औषध लिहून मोकळे, म्हणून हे नाव.

"डॉक्टर, सकाळचा कागद चुकलाय. वरील नाही, खालील."

लिहिणारा हात थांबला. "काय म्हणालात?"

"दोन महिन्यांच्या आतली बाळं."

त्यांनी चष्मा काढला. "मामा, तुम्ही गेलात आणि एक बाळ आलं. वीस दिवसांचं. डब्याचं दूध, आणि तेच पीत नव्हतं. ताप नव्हता. मी कागदाकडे बघितलं, आणि आईला म्हटलं, घरी जा, उद्या बघू."

कंपाउंडरने नंबर फिरवला. नुसता वाजत राहिला. वहीत पत्ता होता. बाहेर सात पेशंट बसलेले, त्यांना तसंच सोडून डॉक्टर माझ्या मागे गाडीवर बसले. वाटभर "मामा, जरा लवकर" एवढंच चाललं होतं.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते पोरसवदा आईने.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात, डॉक्टर? आता बरं आहे त्याला. दुपारपासून रडलंच नाही. सासूबाई म्हणतात, शहाणं झालं माझं बाळ."

डॉक्टर सरळ आत बाळापाशी गेले. बाळाचा हात उचलला आणि सोडला. ओल्या फडक्यासारखा पडला.

"डबा घे, पोरी, आणि चल."

खालच्या दुकानदाराने आपली गाडी काढली. हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बाळ घेतलं, डब्याच्या बुडाचा नंबर पत्रकाशी ताडून पाहिला. तोच होता.

"आधी कुणाला दाखवलं होतं?"

आई आमच्या डॉक्टरांकडे बघायला लागली. मी मध्ये पडलो, "बाई, कागदच चुकीचा होता. आमच्या ऑफिसची चूक."

"माझ्याकडे आणलं होतं," डॉक्टर म्हणाले. "मी परत पाठवलं."

बाळाला आत नेलं. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो.

"डॉक्टर, कागद आमचा चुकला."

"कागद चुकला, मामा. पण बाळ माझ्यासमोर होतं. बाळ चुकीचं नव्हतं."

अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "सुई टोचली तेव्हा पाय ओढून घेतला. औषध सुरू केलंय. रात्र गेल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

आईने डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी तिला बसायला खुर्ची आणून दिली आणि माझ्याकडे वळले.

"किती दवाखाने राहिले?"

"सात."

"चार मला द्या. आणि पेन द्या. माझं टेबलावरच राहिलं."