कोलमनचा पॉज

कोलमन डिव्हेनीचं नाव डब्लिनमध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, चेहरा मात्र सगळ्यांना. "अरे, हा तर त्या पिक्चरमधला पोस्टमन!" म्हणत लोक भर रस्त्यात अडवायचे. पाद्री, फौजदार, मयताला आलेला काका, जन्मभर असलीच कामं केली बिचाऱ्याने. नाटकात मात्र त्याचा पॉज गाजलेला. अमेरिकेहून परतलेल्या मुलाकडे म्हातारा बाप झालेला कोलमन नुसता बघत राहतो आणि मग म्हणतो, "दार लाव, वारा येतोय." तेवढ्यासाठी लोक तिकीट काढत.

विंगेत प्रॉम्प्टिंगला त्याची बायको सोर्चा बसायची. कोलमनने कानाची पाळी धरली की वाक्य गेलं, सोर्चाने सांगायचं. नाही धरली, तर तो पॉज. पॉजमध्ये तोंड घालणाऱ्या प्रॉम्प्टरला नटमंडळी कधी माफ करत नाहीत.

शनिवारी दुपारच्या खेळात पॉज लांबला, लांबतच गेला. वाक्य सोर्चाच्या अगदी ओठांवर होतं, पण कोलमनचा हात कानाकडे जाईना. नुसता छातीपाशी चाचपडत राहिला. प्रेक्षकांत कुणीतरी मुसमुसलं. शेवटी मुलाचं काम करणाऱ्या नटाने स्वतःच जाऊन दार लावलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पडदा पडताच दिग्दर्शक आयमन धावत आला. "कमाल केलीत, कोलमन! रात्रीच्या खेळाला अस्संच हवं. जरासुद्धा कमी नको!"

तो गेल्यावर कोलमनने बायकोकडे पाहिलं. "का नाही सांगितलंस?"

"तू कान कुठे धरलास?"

"कान?" तो गोंधळला. "हाताने काहीतरी करायचं असतं, एवढं आठवत होतं गं. काय, ते आठवेना."

सोर्चा संहिता मिटून म्हणाली, "आयमनला सांगू या."

"वेडी का तू? बोभाटा झाला तर मला प्रेताचंसुद्धा काम मिळणार नाही."

तिला हसू आलं, आणि आपण हसलो याचा रागही आला. त्याचं खरंच होतं. नाटक सुटलं तर तो घरी बसून काय करणार, हे तिला कळत नव्हतं.

समोरच्या पबमध्ये सूप मागवून तिने आपला कान धरून दाखवला. "असं. अडलास की असं करायचं."

त्याने कान धरला. "एवढंच ना!" म्हणत पाव मोडला, लोणी लावलं, चवीने खाल्लं. मग चमचा खाली ठेवून हळूच विचारलं,

"सोर्चा, रात्री अडलो तर मी काय करायचं म्हणालीस?"