बालवर्ग तळघरात बसतो

हार्लो गावात दर फेब्रुवारीत एका शनिवारी शाळेच्या जेवणघरात पॅनकेकची न्याहारी असते आणि तव्यापाशी उभं राहायचं ते शाळांच्या अधीक्षकानं, अशी जुनी रीत आहे. पूर्वी ही नुसती गंमत होती. आता लगेच येणाऱ्या सोमवारी शाळामंडळ अधीक्षकाच्या कराराचं मतदान घेतं. त्यामुळे ताटली पुढे करणारा जो तो अधीक्षक मार्ला एकहॉल्टच्या हाताकडे नीट बघत होता.

"करपला तर गेलीस हं, मार्ला!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"मग तुला कच्चाच देते," मार्ला म्हणाली. रांग हसली.

मंडळाचा अध्यक्ष डुएन क्लॉस्टर मात्र हसला नाही. गावात त्याचं बियाण्यांचं दुकान होतं. ताटली पुढे करत तो हलक्या आवाजात म्हणाला, "तळघरातलं ते यंत्र काढलंस का?"

"नाही. आकडा अजून चढतोच आहे. मर्यादेच्या सहापट, डुएन."

"हळू बोल, बाई! एप्रिलमध्ये नव्या इमारतीसाठी लोकांचं मत घ्यायचंय. त्याआधी हे सुटलं तर पालक पोरं उचलून शेजारच्या गावच्या शाळेत घालतील. पोरं गेली की शाळा गेली, शाळा गेली की गाव गेलं. मग उरणार काय? माझं गोदाम आणि स्मशान!"

"बालवर्ग तिथे बसतो."

"तीस वर्षं बसतोय. कुणाला काय झालं?"

बोलता बोलता त्याची नजर खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली आणि त्यानं ती लगेच ताटलीवर वळवली. तिथे अर्डिसबाई बसल्या होत्या. नाकाला प्राणवायूची नळी, शेजारी चाकांवरची टाकी. गेल्या वर्षीपर्यंत बालवर्ग त्याच शिकवत. उभ्या आयुष्यात त्यांनी सिगारेटला हात लावला नव्हता, आणि आजार निघाला तो फुप्फुसाचा.

"माझं मत तुलाच आहे," डुएन म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच माया होती. "तुझ्या नवऱ्याच्या औषधांचं काय ते मला ठाऊक आहे. उगाच घाई करू नकोस. पाक वाढ जरा."

मार्ला मूळची भौतिकशास्त्राची शिक्षिका. एकट्या अर्डिसबाईंच्या आजारावरून काहीच सिद्ध होत नाही, हे तिला कळत होतं. पण तळघरातल्या रेडॉन मोजणाऱ्या यंत्राचा आकडा खोटा नव्हता. रेडॉन हा किरणोत्सारी वायू जमिनीतून येतो आणि फुप्फुसांना कर्करोग लावतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, आतली ऊब वर चढते आणि इमारत एखाद्या धुराड्यासारखी खालची हवा ओढून घेते. शरीरात बिघाड दिसायला वर्षानुवर्षं जातात, आणि खरी मेख तिथेच आहे. ज्याच्या कारकिर्दीत मुलं तो श्वासात घेतात, त्याच्या कारकिर्दीत कुणीच आजारी पडत नाही.

आणि या राज्यात अधीक्षकाची कारकीर्द एका वर्षाची होती. चार वर्षांपूर्वी कुठल्याशा शहरानं नकोशा झालेल्या अधीक्षकाला उरलेल्या करारापोटी घरबसल्या पगार दिला. लोक खवळले. विधिमंडळानं कायदा केला, की यापुढे करार एका वर्षाचाच. हेतू वाईट नव्हता. हार्लोतही टाळ्या पडल्या होत्या, आणि त्या मार्लानंही वाजवल्या होत्या.

दुपारी तिनं लाइल ब्रँटला फोन लावला. तिच्या आधीचा अधीक्षक तोच. आता तो दक्षिणेत मुलीकडे राहत होता.

"लाइल, तू तळघरातला रेडॉन कधी मोजला होतास का?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मोजला होता. तू म्हणशील तोच आकडा."

"मग?"

"मग काय! मतदान तोंडावर आलं होतं. म्हटलं, करार वाढू दे, उन्हाळ्यात बघू. वाढला नाही. म्हटलं, पुढचा बघेल."

"पुढची मी आहे, लाइल."

"माहीत आहे." तो खाकरला. "ते यंत्र मी आणलेलं नाही, मार्ला. मला ते कपाटात सापडलं. माझ्या आधीच्या बाईंनी ठेवलेलं."

मार्लानं फोन ठेवला. मोजणारी ती तिसरी होती. तिघांनाही ठाऊक होतं, आणि मुलं रोज सकाळी तोच जिना उतरत होती.

रात्रीच्या जेवणाला तिच्या नवऱ्याचा, वेंडेलचा, चमचा थरथरत होता. त्याच्या नसांच्या दुखण्याचं औषध विम्यावर चाले, आणि विमा तिच्या नोकरीवर.

"सोमवारी सकाळी बालवर्ग वर हलवला," ती म्हणाली, "तर संध्याकाळी मला काढतील."

"काढतीलच."

"तू नको म्हणालास तर थांबेन."

"म्हणजे पाप माझ्या डोक्यावर? फार हुशार आहेस!" वेंडेल हसला, मग चमचा खाली ठेवून म्हणाला, "भीती वाटते गं. वाटत नाही असं नाही. पण हलव."

सोमवारी सकाळी मार्ला तळघराच्या दारात उभी राहिली. तिनं एकाही मुलाला खाली उतरू दिलं नाही. वर ग्रंथालयात जाजमं अंथरली होती. सोडायला आलेल्या प्रत्येक आईबापाला तिनं कारण सांगितलं, काही न लपवता. कुणी रडलं, कुणी तिच्यावरच ओरडलं, "आत्ता सांगतेस?"

संध्याकाळी सभेला खुर्च्या पुरल्या नाहीत. रिवाजाप्रमाणे मार्ला बाहेर व्हरांड्यात बसली आणि दार लावून चर्चा झाली. दार उघडलं तेव्हा डुएन तिच्याकडे न बघता म्हणाला, "तीन विरुद्ध दोन. करार वाढवलेला नाही. असं लोकांना घाबरवणं बरोबर नव्हे."

मागच्या रांगेत अर्डिसबाई टाकीच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना दम पुरत नव्हता, म्हणून सगळे आपोआप थांबले.

"मला कुणी सांगितलं असतं ना, डुएन," त्या म्हणाल्या, "तर मी माझी खुर्ची आणि ती पोरं वर नेली असती. एवढंच करायचं होतं."

डुएननं टोपी हातात घेतली.

जूनअखेरपर्यंत मार्ला अधीक्षक होती. तेवढ्या वेळात तिनं तळघराच्या फरशीखालची हवा बाहेर ओढून टाकायला नळी बसवून घेतली, पंखा लावून घेतला आणि आकडा मर्यादेखाली आलेला स्वतः पाहिला. त्याआधी, मार्चमध्ये, ती राज्याच्या राजधानीत गेली. करार पुन्हा तीन वर्षांचा करावा, अशा दुरुस्तीवर विधिमंडळाच्या समितीची सुनावणी होती.

"म्हणजे बाई, तुम्हाला नोकरी जास्त दिवस हवी," एक सदस्य हसून म्हणाला.

"माझी गेली, साहेब. विमाही जाणार. मी सांगायला आले ते तळघराचं."

तिनं सगळं सांगितलं. सदस्यानं घड्याळ पाहिलं, अध्यक्षांनी आभार मानले आणि निर्णय पुढे ढकलला.

मार्ला परत येऊन बाकावर बसली. शेजारी कोट घट्ट आवळून एक तरुण बाई बसली होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर कुठल्याशा दूरच्या गावच्या शाळांचं नाव होतं, आणि खाली 'अधीक्षक'. ती समोर बघतच पुटपुटली, "आमच्याकडेही एक गोष्ट आहे. अजून कुणाला बोलले नाहीये. पुढच्या आठवड्यात माझं मतदान आहे."

मार्ला तिच्याकडे वळली.

"मुलं आत्ता तिथेच आहेत?"

बाईनं मान हलवली. हो.

"मग चल," मार्ला उठत म्हणाली. "बाहेर बसू. सगळं सांग."