खुराड्यातला दिवा

वायरमनची बायको जाऊन सहा आठवडे झाले होते, आणि तिच्या बावीस कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं होतं.

गल्लीतले लोक वायरमनला फ्यूजकाका म्हणत. कुणाकडे दिवे गेले की तो यायचा, फ्यूज बसवायचा, आणि आधीच्या वायरमनने काय काय घोळ घालून ठेवलाय हे पुढचा पाऊण तास सांगत बसायचा. आता तो काम करून मुकाट्याने निघून जाई. लोकांनाच चुकल्याचुकल्यासारखं वाटे, त्याला काही वाटत नव्हतं. बायको गेली त्या दिवशी तो रडला नव्हता, नंतरही नाही. शेजारपाजारचे म्हणाले, धक्का बसलाय, हळूहळू बांध फुटेल. तो वाट बघत राहिला. काही फुटलं नाही.

रोज सकाळी तो कोंबड्यांना दाणापाणी करी आणि अंड्यांच्या खोक्यांत हात घालून बघे. भुसा गार लागे. आपल्या हातचं त्यांना मानवत नसेल असं वाटून तो जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"काका, दुखणं वगैरे काही नाही," बाई म्हणाल्या. "दिवस लहान झालाय. चौदा तास उजेड मिळाला तर कोंबडी नीट अंडी देते. तुम्ही तर वायरमन. टाका की एक बल्ब!"

ही गोष्ट त्याला नवी नव्हती. दर हिवाळ्यात तो बायकोच्या मागे लागायचा, "एक बल्ब लावून देतो, अर्ध्या तासाचं काम." आणि ती दर हिवाळ्यात म्हणायची, "काही नको. दोन महिने निवांत राहू देत बिचाऱ्यांना."

"कोंबड्यांना कसली आलीय सुट्टी?" तो विचारायचा. ती दाणे टाकायला निघून जायची.

या वर्षी नको म्हणायला कुणी नव्हतं. रविवारी दुपारी त्याने घरातून खुराड्यापर्यंत वायर ओढली, पाइपातून घेतली, म्हणजे चोची लागायला नकोत. आढ्याला पिवळा बल्ब टांगला, त्याला जाळी बसवली, आणि टायमर लावला. सूर्य मावळायच्या आधी दिवा लागेल, नऊला आपोआप बंद होईल. काम चोख झालं होतं. एरवी त्याने बायकोला हाक मारून दाखवलं असतं आणि ती म्हणाली असती, "झालं का समाधान?"

सकाळी दार उघडलं तर दांडीवर एकही कोंबडी नव्हती. सगळ्या जमिनीवर, एका कोपऱ्यात, एकमेकींच्या अंगावर चढून बसलेल्या. त्यांना बाजूला केल्यावर खाली हेडबाई सापडली. ही सगळ्यांत म्हातारी. बाकीच्यांना टोचून टोचून शिस्तीत ठेवायची म्हणून बायकोने तिला ते नाव दिलं होतं. ती चेंगरून मेली होती. तिला उचलल्यावर त्याच्या मनात एवढंच आलं, की ही दिसायची त्यापेक्षा बरीच हलकी आहे. घरामागे खड्डा करून त्याने तिला पुरलं, हात धुतले आणि चहा घेतला.

"संध्याकाळी लावलात?" डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, अंधारात कोंबडीला दिसत नाही. सूर्य कसा हळूहळू मावळतो, तेवढ्यात त्या दांडीवर जाऊन बसतात. तुमचा दिवा गेला खटकन. जिथे होत्या तिथेच राहिल्या त्या. पहाटे लावा. मग आपसूकच उजाडतं."

तीस वर्षं लोकांच्या घरात दिवे लावून त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याने टायमर पहाटे पावणेपाचवर आणला.

दुसऱ्या आठवड्यात पहिलं अंडं आलं. तिसऱ्यात रोज बारा-तेरा येऊ लागली. आता पावणेपाचला खिडकीवर पिवळा उजेड पडे, खुराड्यात कलकलाट सुरू होई आणि त्याला उठावंच लागे. गार पाण्याने भांडी धुवायची, अंडी पुसायची, ट्रेमध्ये लावायची, आणि कामावर जायच्या आधी घरोघर पोचवायची. त्याच्या बोटांना भेगा पडल्या. हे सगळं बायको वर्षानुवर्षं करत होती. तेव्हा तो झोपलेला असे.

बेकरीवाली ट्रे बघून चकित झाली. "अगंबाई! ऐन थंडीत अंडी?"

"दिवा लावला."

बेकरीवालीने ट्रे खाली ठेवला. म्हणाली, "ती तर या दोन महिन्यांकडे डोळे लावून बसायची."

"कोंबड्यांना विश्रांती हवी म्हणायची."

"कोंबड्यांना!" बेकरीवाली हसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. "अहो, तिला स्वतःला हवी होती. अंडी नाहीत म्हणजे पहाटे उठणं नाही, दारोदार फिरणं नाही. सावकाश आठला यायची इथे, रिकाम्या हाताने. भट्टीशेजारी बसून गरम पाव खायची. म्हणायची, वर्षातनं दोनच महिने मला पोटभर झोप मिळते, ती काय त्या बल्बापायी घालवू?"

"मग मला सरळ सांगायचं."

"तुम्हाला? तुम्ही गल्लीभर केलं असतंत."

ते खरं होतं. "कुठे बसायची?" त्याने विचारलं. तिने भट्टीजवळचं स्टूल दाखवलं. त्यावर मैद्याचं पोतं ठेवलेलं होतं. तो थोडा वेळ पोत्याकडे बघत उभा राहिला, मग कामावर गेला. दिवसभरात त्याने दोन मीटर बदलले.

संध्याकाळी त्याने डॉक्टरीणबाईंना फोन करून दिवा बंद कसा करायचा ते विचारलं. एकदम नको, त्या म्हणाल्या, थंडीत पिसं झडतील. रोज पंधरा मिनिटं कमी करा. त्याप्रमाणे तो रोज टायमरचा काटा सरकवत गेला. बारा दिवसांनी दिवा लागायचा थांबला. अंडी आधी निम्म्यावर आली, मग बंद झाली. गिऱ्हाइकांना त्याने सांगितलं, आता दिवस मोठा झाल्यावर.

शनिवारी लेक आली. खुराड्यात डोकावून तिने तो बल्ब पाहिला. "बाबा, हे काय? आईने कधी लावू दिला नव्हता ना?"

मग त्याने तिला सगळं सांगितलं. हेडबाईचं, बेकरीवालीचं. लेक पायरीवर बसून संत्रं सोलत ऐकत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"तुला?"

"शाळेत असताना थंडीत तुम्ही कामावर गेलात की आई परत आडवी व्हायची आणि मी तिच्या पांघरुणात शिरायचे. दोघी लोळत पडायचो. शाळेला उशीर व्हायचा."

"मला कसं कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

ती हे सहज म्हणून गेली, आणि मग एकदम रडायला लागली. संत्र्याच्या फोडी तशाच मांडीवर. तो तिच्या शेजारी बसला आणि, आता असं करायचं असतं हे आठवल्यासारखं, त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. आपल्यालाही रडू येतंय का म्हणून तो जरा थांबला.

"केवढा गार हात आहे तुमचा," ती म्हणाली.

"कोंबड्यांचं पाणी बदलत होतो," तो म्हणाला, पण हात काढला नाही.